उतरता येत असून

मास्तर कोणतेही अंतर आधी चाकाच्या फेऱ्यांत सांगत आणि समोरचा फारच गोंधळलेला दिसला तरच मैलांत. त्यांच्या सायकलचे चाक अठ्ठावीस इंची होते. त्याला बावीस सप्तमांशाने गुणले की परीघ अठ्ठ्याऐंशी इंच येतो, आणि मैलाला सातशेवीस फेऱ्या होतात. हा हिशेब पूर्णांकात सुटतो याचे समाधान त्यांना आयुष्यभर पुरले.

पुढच्या चाकाच्या एका आरीला त्यांनी चामड्याची पट्टी बांधली होती. प्रत्येक फेरीला ती चिमट्यावर आपटे. मास्तर मनात मोजत आणि सातशेवीस झाले की मोठ्याने म्हणत, "मैल." त्यांच्या पुढे दुसऱ्या सायकलवर त्यांच्या पत्नी असत. त्यांच्या हँडलला तुळशीची माळ अडकवलेली होती. "मैल" ऐकू आले की त्या अंगठ्याने एक मणी सरकवत.

बघणाऱ्यांना वाटे, बाई नामस्मरण करत चालल्या आहेत. शेलूबाजारला एका म्हातारीने नमस्कारासाठी त्यांचे हँडल धरले होते. बाईंनी उभ्या बैलबंडीच्या चाकावर पाय टेकवला आणि सांगितले की आपण देवाचे नाव घेत नाही, मैल मोजतो. म्हातारी म्हणाली, तेही त्याचेच आहेत, आणि पाया पडूनच गेली.

वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यातले तालुक्याचे गाव होते. मास्तर तिथल्या हायस्कुलात गणित आणि भूगोल शिकवत. मी त्याच शाळेत नवा होतो आणि त्यांच्या घरातली पुढची खोली भाड्याने घेऊन तीन वर्षे राहिलो. त्यांच्या पत्नी लोकल बोर्डाच्या मुलींच्या शाळेत शिक्षिका होत्या. अशा शाळा आणि गावोगावचे रस्ते बोर्डाकडे असत. गावात त्यांना बाई म्हणत. घरात मास्तरही त्यांना बाईच म्हणत आणि त्या मास्तरांना मास्तर. त्यांना मूल नव्हते. याबद्दल त्या दोघांपैकी कोणी बोललेले मी ऐकले नाही. गावाने ती कमतरता भरून काढली होती.

बाईंनी सायकल पुढे चालवायची हा मास्तरांचा नियम होता. नवऱ्याने पुढे आणि बायकोने मागे, ही रीत सोडल्याबद्दल त्यांना रस्त्यात हटकले जाई. मास्तरांचे उत्तर ठरलेले असे. मागच्याला धूळ खावी लागते. बाईंना गावोगाव बायकांशी बोलावे लागते, मला फळ्यावर आकडा लिहिला की पुरते. यापलीकडे त्यांनी या गोष्टीला काही महत्त्व दिले नाही. स्त्रियांच्या हक्कांवर वाशीमला व्याख्याने होत, तेव्हा मास्तर पहिल्या रांगेत बसून वक्त्याच्या आकडेवारीतल्या चुका टिपत.

अचूकपणाचा त्यांना आजार होता असे म्हणता येईल. कारंजाच्या रस्त्यावरचा एक मैलाचा दगड आपल्या जागेपासून त्रेसष्ट फेऱ्या दूर आहे, असे त्यांना दोन वेगवेगळ्या सुट्ट्यांत आढळले. तेव्हापासून त्या दगडाशी ते बोलत नसत. म्हणजे बाकीच्या दगडांपाशी आल्यावर ते मान हलवत, तशी त्याच्यापाशी हलवत नसत. मुले त्यांना विचारत की मास्तर, देवळापासून शाळा किती लांब. ते विचारत, कोणत्या दारापासून?

दर नाताळच्या सुट्टीत ही दोघे वाशीमहून निघत. शेलूबाजार, मग कारंजा, तिथे धर्मशाळेत मुक्काम आणि दुसऱ्या दिवशी कामरगाव. कामरगाव बाईंचे माहेर. तिथे चार दिवस राहून त्याच रस्त्याने परत. वाटेतल्या प्रत्येक शाळेत थांबून मास्तर मुलांना त्यांच्या गावापासून शेजारच्या गावाचे अंतर सांगत आणि फळ्यावर लिहून ठेवत. मुलांना लंडन कुठे आहे हे माहीत असते आणि आपले गाव कुठे आहे हे माहीत नसते, असे त्यांचे म्हणणे होते. बाई तोवर बायकांशी बोलत आणि कोणाची मुलगी शाळेत येत नाही ते लिहून घेत.

बाईंना सायकल मास्तरांनीच शिकवली होती. शाळेच्या मैदानात विहिरीचा ओटा होता. त्यावर चढून बाई दांडीच्या सायकलवर बसत, मैदानाला चकरा मारत आणि त्याच ओट्यावर पाय टेकवून उतरत. नऊवारीचा काष्टा असल्यामुळे दांडीची अडचण नव्हती. बाई पंधरा दिवसांत उत्तम सायकल चालवू लागल्या. सपाट जमिनीवर उतरायचे कसे, हे शिकवायचे राहून गेले. ते राहिले आहे हे दोघांच्याही लक्षात आले नाही, कारण रस्त्यावर मैलाचे दगड होते, मोऱ्यांचे कठडे होते, उभ्या बंड्या होत्या. बाई अंदाज घेऊन त्यांच्याकडे सायकल वळवत आणि पाय टेकवत. कुठेच काही नसेल तर मास्तर आधी उतरून हँडल धरत. गणिताच्या मास्तरांनी उत्तर शिकवले आणि ताळा शिकवला नाही, असे मी एकदा म्हणालो होतो. ते त्यांना लागले.

शेलूबाजार आणि कारंजा यांच्यामध्ये एक गाव आहे. त्याचे नाव इथे देत नाही. तिथे रस्त्याला लागूनच देशमुखांची गढी होती. गढीसमोरून जाताना घोड्यावरचा नवरदेवही खाली उतरे. बंडीवाला उतरून बैलांसोबत चाले. गावातल्या बायका वहाणा काढून हातात घेत, गढीची भिंत संपेपर्यंत अनवाणी जात आणि मग घालत. हे कोणी सांगत नसे, लिहिलेले नव्हते, आणि मोडलेले कोणी पाहिले नव्हते. आधीच्या वर्षांत मास्तर आणि बाई गावाबाहेरच्या पांदणीने जात. त्या वर्षी पांदणीत चिखल राहिला होता, म्हणून ती दोघे गावातून निघाली. मी त्या सुट्टीत कारंजापर्यंत जाता-येता त्यांच्याबरोबर होतो.

दुपारची वेळ होती. बाई पुढे, मध्ये मास्तर, मागे मी. गढीच्या ओट्यावरून एक गडी ओरडला, "ओ बाई, उतरा. गढी हाये."

बाईंनी डावीकडे पाहिले, उजवीकडे पाहिले. एका बाजूला गढीची भिंत आणि छातीइतका उंच ओटा होता, दुसऱ्या बाजूला उतार. पाय टेकवायला काही नव्हते. त्या तशाच पुढे गेल्या. मास्तरांचा मैल पुरा व्हायला थोड्याच फेऱ्या उरल्या होत्या आणि मैल अर्धा टाकून ते कधी उतरत नसत. गढीच्या बरोबर दारासमोर ते म्हणाले, "मैल." बाईंनी मणी सरकवला.

मी उतरलो.

देशमुख ओट्यावरच बसले होते. त्यांनी मला जवळ बोलावून दोघे कोण आहेत ते विचारले आणि मी सांगितले. त्यांनी पाणी दिले. बोलणे सौम्य होते. ते लोकल बोर्डाच्या शाळा कमिटीवर होते. बाईंची नेमणूक दोन वर्षांपासून तात्पुरती होती आणि ती कायम करायची की नाही, हे त्याच कमिटीच्या पुढच्या बैठकीत ठरणार होते. हे मला माहीत होते. बाईंनाही माहीत होते.

आम्ही कारंजाला पोचण्याआधी बातमी तिथे पोचली होती. परतताना पांदण वाळली होती आणि आम्ही तिनेच आलो, तरी बातमीला आणखी हात-पाय फुटले होते. शेलूबाजारच्या बाजारात बायका भाज्यांच्या टोपल्या सोडून बाईंना बघायला आल्या. गढीच्या गावाहून वांगी विकायला येणारी एक ठेंगणी बाई होती, कपाळभर गोंदलेली. तिने बाईंच्या सायकलचे सीट हाताने पुसले आणि विचारले, "तुमाले भेव नाई वाटलं?"

बाई म्हणाल्या, वाटले. हे खरेच होते, फक्त ते पडण्याचे होते.

त्या बाईने सांगितले की परवापासून ती आणि आणखी दोघी वहाणा न काढता गढीसमोरून पाण्याला जातात. गडी ओरडतो. त्या ऐकू न आल्यासारखे करतात. "मी म्हनलं, ते मास्तरीन सायकलवर गेली, आपून तं पायीच हाओ."

वाशीमपर्यंत उरलेल्या वाटेत बाईंनी दोन मणी सरकवायचे चुकवले. मास्तरांनी ते दाखवून दिले.

पंधरवड्यात कमिटीचे पत्र आले. प्रतिष्ठित सभासदाच्या घरासमोर केलेल्या अनादराचा खुलासा बाईंनी करावा, असे त्यात होते. मास्तरांचे हायस्कूल सरकारी होते, त्यामुळे त्यांना कोणी काही विचारले नाही. बाईंनी त्याच दिवशी उत्तर लिहिले. ते एका ओळीचे होते: रस्ता बोर्डाचा आहे. पाकीट बंद करून त्यांनी ते टपालात टाकायला मास्तरांकडे दिले.

मास्तरांनी ते टाकले, पण त्याबरोबर दुसरे पाकीट स्वतःचे टाकले. त्यात त्यांनी सविस्तर लिहिले होते की त्यांच्या पत्नीस आधाराशिवाय सायकलवरून उतरता येत नाही, शिकवण्यातली ही चूक त्यांची स्वतःची आहे, आणि ते स्वतः उतरले नाहीत त्याचे कारण मैल पुरा व्हायचा होता. सोबत जागेचा नकाशा जोडला होता. त्यात भिंत, उतार आणि आधार नसल्याची बाजू बाणाने दाखवली होती.

कमिटीच्या बैठकीत ते पत्र मोठ्याने वाचले गेले. सभासद पोट धरून हसले, असे तिथल्या कारकुनाने मला सांगितले. देशमुखही हसले. त्यांनीच नेमणूक कायम करण्याची सूचना मांडली.

तो हुकूम घरी आला तेव्हा मी ओसरीवर होतो. बाईंनी तो वाचला. त्यांना नेमणूक कायम होत असल्याचा मजकूर दिसला आणि त्याच्या वरची ओळही दिसली, की उतरता येत नसल्याचे पतीच्या पत्रावरून कळल्याने हे प्रकरण बंद करण्यात येत आहे.

"हे तुमी लेहलं?" त्यांनी विचारले.

मास्तर म्हणाले, "खरं तेच लेहलं."

"खरंच हाये. पन इचारलं मले होतं. अन् मी उत्तर देल्लं होतं."

"तुमचं उत्तर अपुरं होतं, बाई. रस्ता बोर्डाचा, हे बरोबर. पन तुमी उतरल्या नाई त्याचं कारन ते नव्हतं."

बाईंनी हुकुमाची घडी केली आणि पोळपाटाखाली ठेवली. "मंग आता ते कारन होईल," त्या म्हणाल्या.

आपल्या पत्राने काय केले, हे मास्तरांना कळायला आठवडा लागला. बाईंना तितकाही लागला नाही, कारण पुढच्या बाजाराला त्या मुद्दाम शेलूबाजारला गेल्या. वांगी विकणारी बाई तिथे होती. या वेळी तिने सीट पुसले नाही. गढीच्या गड्याने विहिरीवर येऊन सगळ्यांना सांगितले होते की त्या मास्तरणीला उतरताच येत नाही, तिच्या नवऱ्याने तसे लिहून दिले आहे. तुमचे पाय तर शाबूत आहेत ना, मग काढा वहाणा. तिघींनी पुन्हा वहाणा हातात घेतल्या होत्या.

"तुमी सांगाले पाह्यजे होतं," ती बाई म्हणाली. "आमी काहून उगंच..." तिने वाक्य पुरे केले नाही आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळली.

वाशीमच्या बाजारात सायकल दुरुस्त करणारे एक चाचा होते. साऱ्या गावाचे पंक्चर त्यांच्याकडे जाई. बाई परतल्यावर थेट त्यांच्या दुकानासमोर गेल्या, पायरीवर पाय टेकवला आणि म्हणाल्या की मला उतरायला शिकवा. चाचांनी विचारले, चढायला कोणी शिकवले? मास्तरांनी, असे कळल्यावर त्यांनी हातातली ट्यूब पाण्यात सोडली.

"मास्तर को हिसाब आता है, बाईजी," ते म्हणाले. "सायकल नहीं आती."

मास्तर मागेच उभे होते. त्यांनी हे मान्य केले.

पुढचे नऊ दिवस शाळा सुटल्यावर मैदानात हा वर्ग चाले. उजवा पाय मागून, सीटवरून फिरवून आणायचा आणि डाव्या पावलावर भार ठेवून जमिनीवर यायचे. चढताना हेच उलट करायचे. नऊवारीत ते सोपे नव्हते. बाई सहा-सात वेळा पडल्या. मैदानाच्या कुंपणापाशी बघ्यांची गर्दी होई. कोणीतरी म्हणाले की मास्तरीणबाई आता सर्कशीत जाणार. बाईंनी त्याला आत बोलावून सायकल धरायला लावली. तो दुसऱ्या दिवशी आला नाही. मास्तर रोज वही घेऊन बसत आणि किती वेळा नीट उतरल्या, किती वेळा पडल्या ते लिहीत. नवव्या दिवशी पडण्याच्या रकान्यात शून्य आले. मास्तरांनी त्याखाली रेघ ओढली.

त्यानंतरच्या रविवारी आम्ही तिघे निघालो. बाईंनी मास्तरांना एकच अट घातली होती. गढीच्या गावात तुम्ही कोणाला काही समजावून सांगायचे नाही.

गावाची विहीर गढीच्या अलीकडे आहे. दुपारी तिथे बारा-पंधरा बायका होत्या. गोंदलेल्या कपाळाची बाईही होती. बाई विहिरीपासून दहा हातांवर, उघड्या सपाट जागी आल्या, पाय मागून फिरवला आणि खाली उतरल्या. कशाला स्पर्श केला नाही. लगेच चालत्या सायकलवर पुन्हा चढल्या, एक फेरी मारली आणि पुन्हा उतरल्या. एकीचा भरलेला पोहरा विहिरीत परत गेला.

मग त्या तिसऱ्यांदा चढल्या आणि गढीकडे निघाल्या.

गडी ओट्यावरून ओरडला. देशमुखांनी त्याला हाताने थांबवले. ते उठून ओट्याच्या कडेला आले होते. आवाज चढवायची त्यांना सवय नव्हती.

"बाई," ते म्हणाले, "उतरता येते म्हनतात आता तुमाले."

"येते ना, देशमुखसाहेब."

"मंग?"

"मंग काई नाई," बाई म्हणाल्या, आणि भिंतीच्या कडेकडेने, ना सावकाश ना घाईने, निघून गेल्या.

मास्तर त्यांच्या मागे होते. या वेळी मीही उतरलो नाही. त्याला धाडस म्हणता येणार नाही. पुढे दोघे होते. गाव संपल्यावर बाई वळल्या आणि त्याच रस्त्याने पुन्हा गढीसमोरून विहिरीवर आल्या. देशमुख तोवर आत गेले होते.

विहिरीवर मास्तरांनी खिशातून कागद काढला. त्यांनी तो आदल्या दिवशीच लिहून आणला होता. वर शीर्षक होते: खुलाशाची दुरुस्ती. आपल्या पहिल्या पत्रातली माहिती तेव्हा खरी होती, आता ती खरी नाही. बाईंना आधाराशिवाय उतरता येते, आणि आज गढीसमोर त्या उतरल्या नाहीत. तारीख आणि वेळ यांच्या जागा मोकळ्या सोडल्या होत्या. त्या त्यांनी घड्याळ पाहून भरल्या. मग म्हणाले की याला साक्षीदार लागतील, आणि बाईंनी आपल्याला बोलायची मनाई केली असल्यामुळे पुढचे त्यांनीच सांगावे.

बाईंनी सांगितले. कागदावर काय आहे ते वाचून दाखवले. अंगठा दिला तर गढीला नाव कळेल, हेही सांगितले. नोकरी जाणार आहे ती माझी, पण तुम्हाला याच गावात राहायचे आहे, तेव्हा नाही म्हटले तर मला राग येणार नाही.

मी पहिली सही केली. माझ्यानंतर बराच वेळ कोणी पुढे आले नाही. मग गोंदलेल्या कपाळाच्या बाईने हात पुसला आणि शाई कुठे आहे ते विचारले. शाई नव्हती. मास्तरांकडे फक्त शिसपेन्सिल होती. बाईंनी सायकलचा रॉकेलचा दिवा उघडला आणि आतली काजळी बोटाने काढून तिच्या अंगठ्याला लावली. मास्तर नाव लिहायला लागले आणि सवयीने नवऱ्याचे नाव विचारले.

"त्याचं काहून?" ती म्हणाली. "तो होता का इथं? माह्यंच लेहा."

तिच्यानंतर सहा जणी आल्या. दोघी अर्ध्या वाटेवरून मागे फिरल्या. बाकीच्या हंडे उचलून निघून गेल्या. मास्तरांनी खाली लिहिले: अंगठे सात. तेवढ्या अंगठ्यांनंतरही दिव्यात काजळी उरली होती, हे मला अजून आठवते, पण कोणी घेतली नाही.

पत्र सोमवारी टपालात पडले. कमिटीपुढे अडचण होती. हसण्यासारखे काही उरले नव्हते. अनादर झाला असे म्हणावे तर रस्ता बोर्डाचा आहे हे उत्तर दप्तरात होते. उतरता येत नव्हते असे म्हणावे तर त्याची दुरुस्ती सात अंगठ्यांनिशी त्याच दप्तरात होती. महिन्याने हुकूम आला. मास्तरांनी तो फोडला नाही. बाई शाळेतून येईपर्यंत तो देवळीत ठेवून दिला, आणि त्या आल्यावर त्यांच्या हातात देऊन स्वतः अंगणात जाऊन उभे राहिले.

बाईंची नेमणूक रद्द झाली होती. त्यांनी हुकूम दोनदा वाचला. त्यांनी मास्तरांना आत बोलावले आणि एका ओळीवर बोट ठेवले. मास्तरांनी ती वाचली, चष्मा पुसला आणि पुन्हा वाचली.

"बरोबर हाये," ते म्हणाले. "एकही चूक नाई."

बाईंनी पुढे घरीच मुलींचा वर्ग सुरू केला. तो किती चालला आणि त्यात कोण कोण शिकले, हा वेगळा विषय आहे. हुकूम आल्याच्या दुसऱ्या दिवशी मात्र त्या सकाळीच सायकल काढून निघाल्या. मास्तर मागे होते. मी शाळेत रजा टाकली. आम्ही गढीसमोरून गेलो, ओट्यावर कोणी नव्हते. विहिरीवर बायका होत्या.

बाई उतरल्या, सायकल मास्तरांकडे दिली आणि घडी उलगडली. बोर्डाची भाषा जड होती. त्यांनी वरचे सगळे सोडून दिले आणि एकच ओळ, शब्द सुटे करत, मुलींना शिकवताना वाचत तशी वाचली: सदर बाईंना सायकलवरून उतरता येत असून त्या गढीसमोर उतरल्या नाहीत, सबब त्यांना नोकरीतून कमी करण्यात येत आहे.

"असं लेहलं त्यायनं?" गोंदलेल्या कपाळाच्या बाईने विचारले. "त्यायच्याच कागदावर?"

"त्यायच्याच."

तिने डोक्यावरचा हंडा उतरवून कठड्यावर ठेवला.

"पुन्हा वाचा," ती म्हणाली.

बाईंनी पुन्हा वाचले.